नंबरचा मास्क

२ जानेवारी, सकाळ
नवी वही. संकल्प: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं आणि खरं लिहायचं. वाचणारं कोणी नाही, तेव्हा थापा मारण्यात अर्थ नाही. वही कपाटात शर्टांच्या घडीखाली ठेवणार. शर्ट ही लावते, पण बायको असल्या गोष्टींत लक्ष घालणारी नाही.

सुरुवात म्हणून एक खरी गोष्ट. सव्वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. काचा घासणं, फ्रेममध्ये बसवणं, सगळं अजून स्वतःच्या हातानं. वय बावन्न, चाळिशी लागलेली नाही. रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्याला चव्वेचाळिसाव्या वर्षीच लागली. बिचारा.

९ जानेवारी
पुढच्या महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं. हिला विचारलं काय हवं. मला वाटलं नेहमीसारखं काही नको म्हणेल. तर पटकन म्हणाली, बोटीची सहल. सकाळी निघायचं, वाटेत डॉल्फिन आणि समुद्रपक्षी बघायचे, मग कोरलपाशी, म्हणजे प्रवाळाच्या खडकांपाशी, बोट थांबते, तिथे डोळ्यांवर काचेचा मास्क लावून पाण्यात उतरायचं आणि खालचे मासे बघायचे. सोबत माहिती सांगायला गाईड. तिनं माहितीपत्रकही आणून ठेवलं होतं. चार घड्या पडलेलं. म्हणजे जुनंच असणार.

कारण मला माहीत आहे. लग्नानंतर समुद्रावर गेलो होतो. हिचा उजव्या डोळ्याचा नंबर साडेतीन, डाव्याचा साडेसात. चष्मा काढून पाण्यात उतरली, तर स्वतःचे पायही दिसेनात. मग मी डोकं बुडवून वर यायचो आणि तिला सांगायचो: लाल मासा गेला, पिवळ्या पट्ट्यांचा गेला, एक निळा आपल्याकडेच बघतोय. ही टाळ्या वाजवत होती.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. पाणी डोळ्यांत जातं म्हणून मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

असो. हिच्या नंबरच्या काचा बसवून मास्क मी स्वतः बनवून देणार, असं जाहीर केलं. तुझे डोळे पंचवीस वर्षं माझ्या हातात आहेत, असंही म्हणालो. ही नुसती हसली. भारावली असावी.

१७ जानेवारी
मास्क आणला. काचाही मागवल्या. बसवायला एक संध्याकाळ पुरे, त्यामुळे घाई नाही.

कामाच्या टेबलावरचा दिवा मंद झालाय. काकांना बल्ब बदलायला सांगितलं. (काका म्हणजे आमचा काउंटर सांभाळणारे. पासष्ट वर्षांचे, मितभाषी.) ते म्हणाले, सोमवारीच बदलला. मग हल्ली बल्बच तसले निघत असतील. काचेच्या पाकिटांवरची छपाईसुद्धा कंपन्या मुद्दाम बारीक करतात. ही वहीही बोगस निघाली. पानांच्या कडेला आपोआप करडे डाग पडतायत.

पोहण्याची सवय मोडलीय म्हणून तलावावर गेलो. पाय बुडवून पाहिला. पाणी गार. पोहणं कधी विसरत नाही म्हणतात, त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

३० जानेवारी
रोजच्याप्रमाणे हिचा चष्मा पुसून दिला. उजेडात धरून पाहिला. काय बसवल्यात काचा! आपलंच काम आहे म्हणून सांगत नाही, पण असं काम आता होत नाही.

दुकानापाशी ही डबा द्यायला आली, तेव्हा समोरच्या चष्मेवाल्यानं रस्त्यापलीकडून हाक मारून विचारलं, वहिनी, आता डोकं दुखत नाही ना? ही नाही म्हणाली आणि डबा ठेवून लगबगीनं गेली. चार वर्षांपूर्वी हिचं महिना-दीड महिना डोकं दुखत होतं खरं. आपोआप थांबलं. पण ह्याला काय त्याचं? दुसऱ्याच्या बायकोच्या डोक्याची उठाठेव कशाला?

९ फेब्रुवारी
मास्क राहिलाय. परवा सहल. उद्या नक्की.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
चाळीस मिनिटांत मास्क तयार! काका म्हणाले, चिकटवण्याआधी काचा एकदा मशीनवर तपासून घेऊ. म्हटलं, काका, सव्वीस वर्षं. ते गप्प बसले. वाद घालण्याची त्यांची तीच पद्धत आहे. पाकिटांवरची अक्षरं पुसट होती, पण उजवं कुठलं आणि डावं कुठलं हे माझ्या बोटांनाच कळतं.

हिनं मास्क हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला आणि छातीशी धरला. खरंच धरला. मला उगाच भरून आलं.

११ फेब्रुवारी, सकाळी पावणेसात, धक्क्यावर
वही सोबत घेतलीय. हिनं बोट लागू नये म्हणून गोळी पुढे केली. नाकारली. आमच्या घराण्यात कोणाला बोट लागत नाही. (आमच्या घराण्यात कोणी बोटीत बसलेलं नाही, असं ही म्हणाली.)

गाईड एक बाई आहेत. उन्हानं रापलेल्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी एक पेटी उघडून सगळ्यांना दाखवली. चष्मेवाल्यांसाठी मास्क आहेत, प्रत्येक डोळ्याला हवा तो नंबर लावता येतो, कोणाला हवेत? मी सगळ्यांच्या देखत सांगितलं की तयार काचा म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा शर्ट, आणि आम्ही घरचा मास्क आणलाय, त्यातल्या जाणकारानं बनवलेला. बाईंनी तो जाणकार कोण विचारलं. मी मान किंचित झुकवली.

सकाळी साडेनऊ
डॉल्फिन दिसले. असं ऐकतोय. सगळे बोटीच्या डावीकडे ओरडत होते. मी उजवीकडे कठड्यावर ओणवा होतो.

अकरा वीस
लिहवत नाही, पण लिहितो.

बोट कोरलपाशी थांबली. जरा बरं वाटलं म्हणून मास्क धुवायला घेतला. हात लांब करून सहज त्यातून लांबच्या बोटीकडे पाहिलं. डाव्या काचेतून बोट लहान. उजव्या काचेतून त्याच्याही निम्मी.

साडेसातची काच उजवीकडे.

पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. काचा पक्क्या चिकटवलेल्या, इथे काढता यायच्या नाहीत. ह्या मास्कातून हिला एकाही डोळ्यानं धड दिसणार नाही.

पेटी चार पावलांवर आहे. बाईंना एवढंच म्हणायचं की जरा आमच्या हिला तुमचा मास्क द्या. एवढंच. सगळी मंडळी तिथेच उभी आहेत.

अकरा पस्तीस
ही आली, हात पुढे केला. मी मास्क दिला. घट्ट बसव, पाणी जाईल, असं म्हणालो.

बारा दहा
केबिनमध्ये आडवा. ही पाण्यात. उलटीचं निमित्त करून पडून राहिलोय. खरं म्हणजे उलटी थांबलीय. वर जाऊन तिचा चेहरा बघायची हिंमत नाही. वरून हसण्याचे आवाज येतायत. तिचा आवाज ओळखू येतोय.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ, घरी
ही म्हणते, सगळं दिसलं. लाल, पिवळे, निळे मासे. एक कासव. इतकं जवळून गेलं की हात लावावासा वाटला. मास्क फारच छान झाला होता, असंही म्हणाली.

मी जेवलो नाही. तिला वाटलं, बोट लागली म्हणून.

१२ फेब्रुवारी
पंचवीस वर्षं थांबली. आणि मी दहा पावलं चाललो नाही. चारच होती.

उद्या सांगणार.

१३ फेब्रुवारी
आज मेहुणी आली होती, म्हणून नाही सांगितलं. ही बहिणीपुढे कासवाचं वर्णन करत होती. पाठीवर शेवाळ, मागच्या डाव्या पायाला खाच, डोळा म्हाताऱ्या माणसासारखा. ऐकताना मान वर होईना. माझी लाज झाकायला ही बिचारी किती रचून सांगतेय! हिला एवढी कल्पनाशक्ती असेल असं पंचवीस वर्षांत वाटलं नव्हतं.

तेव्हा माशांबद्दल मी खोटं बोललो, आता ती. फिटंफाट म्हणावं, तर तसंही वाटत नाही. मी तिला मिरवण्यासाठी खोटं सांगितलं होतं. ती मला वाचवण्यासाठी सांगतेय.

१६ फेब्रुवारी
संकल्प: रविवारी सकाळी, चहानंतर, स्पष्ट. वाक्य पाठ केलंय. "मला तुला एक सांगायचंय, काचा उलट्या बसल्या होत्या आणि ते मला आधीच कळलं होतं." दुसरा भाग महत्त्वाचा. तोच गाळावासा वाटतोय.

१८ फेब्रुवारी, रविवार, चहानंतर
मला तुला एक सांगायचंय, असं म्हणालो. ही सगळं काम टाकून समोर येऊन बसली. हातावर हात ठेवून. वाट बघत. मी म्हणालो, पडदे धुवायला झालेत.

ही उठून पडदे काढायला लागली. मी शिडी धरली.

२० फेब्रुवारी
प्रायश्चित्त म्हणून रोज भांडी घासतोय. दोन कप फुटले. ही म्हणाली, राहू द्या, तुम्हाला कडा दिसत नाहीत. कडा दिसतात. साबण निसरडा आहे.

मास्क कपाटात वरच ठेवलाय तिनं. शर्ट काढताना रोज समोर येतो. हलवावासा वाटतो, पण हात धजत नाही.

२४ फेब्रुवारी
दुकानात एक निवृत्त मास्तर आले. शांतपणे म्हणाले, चष्मा लावला की घराचा उंबरा वर येतो. मशीनवर ठेवला. काचा उलट्या.

ते गेल्यावर काकांना विचारलं, असं पूर्वी कधी झालंय का? काका म्हणाले, ह्या महिन्यात तिसरा. बाकीचे ते माझ्या माघारी तपासून, दुरुस्त करून मग गिऱ्हाइकाला देतात. कधीपासून, हे विचारलं नाही. त्यांनी खिशातून काचेचं एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि वाचा म्हणाले. मी हात लांब केला. आणखी लांब केला. हात संपला, तरी अक्षर लागेना.

काकांनी पाकीट परत घेतलं. चहा मागवू का, एवढंच म्हणाले.

२५ फेब्रुवारी, दुपार
रस्ता ओलांडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. रुंद नाही फारसा.

समोरच्यानं खुर्ची पुढे केली. डोळे तपासले. जवळचा नंबर दोन. चांगला सात-आठ वर्षांपूर्वीच लागला असावा म्हणाला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. चष्मा तासाभरात हातात दिला. काचा अगदी सुरेख बसवल्या होत्या. निघताना म्हणाला, वहिनींना नमस्कार सांगा, त्यांचा नवा कधी करायचा तेही विचारा. मी हो म्हणालो आणि रस्ता ओलांडताना विचार करत राहिलो, की त्यांचा नवा म्हणजे काय?

२६ फेब्रुवारी, सकाळ
आज सांगणारच, असा संकल्प लिहायला चष्मा लावून वही उघडली.

कडेचे डाग हे डाग नाहीत. अक्षरं आहेत. पेन्सिलीची, बारीक, हिच्या हातची. पहिल्या पानापासून.

२ जानेवारीपाशी: "शर्टांखाली काय असतं ते शर्ट लावणारीला कळतंच."

९ जानेवारीपाशी: "ते मासे मनचे होते हे तेव्हाच कळलं होतं. खाऱ्या पाण्यातून बाहेर आलात, तरी तुमचे डोळे जराही लाल नव्हते. तरी ऐकायला आवडलं."

१७ जानेवारीपाशी: "बल्ब ठीक आहे. अहो, डोळे तपासून घ्या."

३० जानेवारीपाशी: "हा चष्मा समोरच्यांनी बनवलाय. चार वर्षं तिथेच करते, त्याच फ्रेममध्ये. तुम्ही दिलेल्यानं डोकं दुखायचं. तुम्ही रोज पुसता तेव्हा फार अपराधी वाटतं. सांगायला जीभ रेटत नाही."

सहलीच्या पानावर, अकरा वीसपाशी, जरा दाबून लिहिलंय: "चार पावलं मी धक्क्यावरच चालले होते. तुम्ही ओणवे व्हायच्या आधीच गाईडबाईंकडून एक मास्क ठेवून घेतला होता. कासव खरंच दिसलं. पायाला खाच होती. तुम्हाला वर बोलावायला दोनदा आले, झोपल्याचं सोंग घेतलं होतंत."

१८ तारखेपाशी: "मी बसले होते ना समोर."

आणि २० तारखेच्या पानावर, सगळ्यात खाली: "रोज लिहितेय, तुम्ही काहीच बोलत नाही. वाचून गप्प बसताय, का दिसतच नाही, तेवढं एकदा सांगा."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येतोय. चष्मा लावून बाहेर जायला हवं. अजून गेलो नाही.

दिसत नव्हतं. आता दिसतंय. मास्कचं मला आधीच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. चूक माझी.

कडेला जागा सोडली आहे.