i वेळा म्हणजे किती वेळा

अंबरनाथ पश्चिम,
१० जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्यास,
मीनलचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोन तू कपाटात टाकलास आणि दार अर्धंच उघडतेस, म्हणून बाबांच्या हाती डब्यासोबत हे पत्र. भाजी नकोशी झाली तरी पत्र परत पाठवू नकोस.

आत्या, मला वर्गात उभं राहता येईनासं झालंय. उल्हासनगरच्या कॉलेजात या सत्रात संमिश्र संख्या माझ्याकडे आल्या. काल बेधडक सांगून टाकलं की e चा, म्हणजे त्या २.७१८ वगैरे संख्येचा, घात i असेल तर e ला स्वतःशी i वेळा गुणायचं. मागच्या बाकावरच्या कल्पेशने विचारलं की मॅडम, i टाइम्स मतलब कितना टाइम. वर्ग खो खो हसला. ज्या i चा वर्ग उणे एक, तेवढ्या वेळा गुणायचं कसं? पुस्तक मिटून बाहेर आले आणि जिन्यात रडले.

मंगळवारी, एकवीसला, हाच तास पुन्हा घ्यायचाय आणि विभागप्रमुख स्वतः मागे बसणार आहेत. तेव्हाही अडखळले तर कायमच्या जागेसाठी माझं नाव जाणार नाही. उल्हासनगरातच, कॅम्प दोनमधल्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर बोलावताहेत. तिकडेच जावं असं सारखं वाटतं. शाळेपासून माझं गणित तुझ्या हातचं. एवढं एक समजावून दे.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझी मीनल

बदलापूर पूर्व,
१४ जानेवारी

चि. मीनलला अनेक आशीर्वाद.

शिकवणारी आत्या घशाच्या ऑपरेशनबरोबर गेली. आज संक्रांत. शेजारच्या कौसाबाई आल्या, तिळगूळ घ्या इतकंच म्हणाल्या आणि पुढचं 'गोड बोला' गिळून ओशाळल्या. मी तिळगुळाचा डबा घेतला आणि दार लावून घेतलं. आयुष्यभर वर्गात घसा फोडला, आता गळ्यातून नुसती हवा येते. डॉक्टरांनी मला वाचवलं कशाला, असं रोज वाटतं. दादाला हे सांगू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर बोलून द्यायचं असतं. ते माझ्याच्याने होणार नाही. दुकान काही वाईट नाही. जा.

लोभ आहे, पण आता त्याचा तुला उपयोग नाही.
आत्या

ता. क. i वेळा गुणायचं, असं खरंच म्हणालीस? मग घात अर्धा असला की अर्ध्या वेळा गुणतेस की काय? गाढव.

अंबरनाथ,
१५ जानेवारी

तीर्थरूप आत्यास, सा. न. वि. वि.

ता. क. वाचून हसले आणि मग रडू आवरेना. अर्धा घात म्हणजे वर्गमूळ, म्हणजे कितीदा गुणायचं हा प्रश्न तिथेच निकालात निघाला होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण वर्गमूळ निदान डोळ्यांपुढे येतं गं. i साठी नवी व्याख्या कुठून आणू? मनाला येईल ती घेतली तर कल्पेश विचारणार, हीच का. शिवमंदिरात जाऊन बसले, तिथेही डोक्यात e च.

बाबांना काही बोलले नाही. पण वाचवलं कशाला, असं पुन्हा लिहू नकोस. मला फार भीती वाटते.

मनात असू दे.
मीनल

बदलापूर,
१७ जानेवारी

चि. मीनल, आशीर्वाद.

भीती वाटेल असं लिहिलं, चुकलं माझं. आता पेन घेऊन बस.

गुणण्याचा जुना अर्थ सोड. e च्या घाताने आजवर काय काम केलं ते बघ: घातांची बेरीज केली की किमतींचा गुणाकार होतो. ते काम टिकायला हवं आणि साध्या संख्यांना जुनीच उत्तरं मिळायला हवीत. साधा x घात असतानाची e ची श्रेणी तुला पाठ आहे: एक, अधिक x, अधिक x वर्ग भागिले दोन, अधिक x घन भागिले सहा, अशी न संपणारी. तिला बेरीज, गुणाकार आणि साध्या संख्येने भागणं, याखेरीज काही लागत नाही. हे सगळं संमिश्र संख्येला जमतं. मग x च्या जागी z, म्हणजे कोणतीही संमिश्र संख्या, लिही आणि हीच व्याख्या म्हण. कोणताही z घे, बेरीज एका ठरावीक किमतीकडे जातेच. दोन श्रेणी गुणून बघ, घातांची बेरीज झालेली दिसेल. z च्या जागी iy घाल, y साधी संख्या: i नसलेली पदं मिळून कोसाइन होतात, i असलेल्यांतून i बाहेर काढलास की साइन उरतो. हीच का, असं कल्पेश विचारेल. जुनं काम मोडत नाही म्हणून.

e च्या घाताची किंमत कधी शून्य होते का, ते तू शोध. हात दुखला. बरं वाटलं.

लोभ आहे, शून्य शोधलंस की वाढेल.
आत्या

अंबरनाथ,
१९ जानेवारी

तीर्थरूप आत्यास, सा. न. वि. वि.

शून्य कधीच होत नाही. e चा घात z आणि e चा घात उणे z, या दोन किमती गुणल्या की घातांची बेरीज शून्य होते आणि उत्तर एक येतं. दोन्हींपैकी एखादी जरी शून्य असती तर गुणाकार शून्यच आला असता.

आत्या, तुझं पत्र वाचताना मला तुझा आवाज एकदाही आठवला नाही, नुसतं गणित कळत गेलं. शिकवणं म्हणजे बोलणं, हे तू धरून बसलीस, ते माझ्या i वेळा गुणण्यासारखंच आहे. मंगळवारी ये. मी बोलेन, फळ्यावर तू लिही. विभागप्रमुखांना विचारलंय, ते हो म्हणाले. एकटीने उभं राहायचं धैर्य मला नाही, खरंच नाही. तू नाही आलीस तर मी दारातून परत फिरेन.

लोभ कागदावर पुरे झाला.
तुझी मिनू

बदलापूर,
२० जानेवारी

चि. मिनू, आशीर्वाद.

येणार नाही असं लिहायला बसले होते, दोन कागद फाडले. दादा निळी साडी इस्त्रीला घेऊन गेलाय.

कल्पेशला पुढच्या बाकावर बसव. त्याने प्रश्न विचारला की घाईने उत्तर देऊ नकोस, खडू माझ्या हातात दे.

कौसाबाईंचा तिळगूळ डब्यात तसाच आहे, तो वर्गासाठी आणते. वाटेन मी. गोड बोला, एवढं तू म्हण.

आत्या