ती स्वच्छ बोलणारी बाई

आईच्या स्वयंपाकघरातून,
२३ एप्रिल

प्रिय कर्ट,

तू बरा असशील. नसलास तरी कळवणार नाहीस, तेव्हा बरा आहेस असंच धरून चालते. इकडे नॉर्थ डकोटात बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालाय. शेजारचे ओटो फिशर अजून आहेत. दर रविवारी चर्चच्या पायरीवर ते स्वतःच त्याबद्दल नवल करतात. अलास्कात तुमच्या मासेमारीच्या बोटी निघाल्या का? फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र निदान मधेच 'टूं' करून तोडता येत नाही.

आधी चांगली बातमी. आमच्या वाचा-उपचार विभागाला यंदा पुरस्कार मिळाला. दर वसंतात आमचं 'वर्षभरातील कामगिरी' नावाचं गुळगुळीत पत्रक निघतं आणि ते लिहायचं माझ्या गळ्यात पडतं. शेवटच्या वर्षाचे सगळे विद्यार्थी राष्ट्रीय परीक्षेत पास. सगळ्यांना नोकऱ्या. (मिळणारच. या राज्यात गुरांच्या डॉक्टरांखालोखाल तुटवडा आमचाच.) आम्ही बाकीच्यांना बोलायला शिकवतो, पण स्वतःबद्दल बोलायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

पहिल्या पानावर आईचा फोटो आहे.

तिच्या आजाराचं मी गेल्या वर्षी तुझ्या फोनच्या त्या निरोप टेप करणाऱ्या मशीनवर सांगितलं होतं. ऐकलं असशील. एएलएस. स्नायू एकेक करून काम सोडतात, आणि आईच्या बाबतीत पहिली संपावर गेली ती जीभ. गुरांच्या लिलावात सूप विकताना ज्या बाईचा आवाज भाव पुकारणाऱ्याच्या माइकच्या वरून ऐकू यायचा, "सूप संपलं रे, आता नुसते पाव!", तिची जीभ. देवाला विनोद कळतो असं मी अजूनही म्हणते, फक्त आता चर्चच्या बाहेर म्हणते.

तर आमच्याकडे आवाज साठवून ठेवायची सोय आहे. जीभ जायच्या आत रोग्याकडून भरपूर वाक्यं बोलून घ्यायची, मग पुढे त्याने जे लिहिलं ते यंत्र त्याच्या आवाजात बोलतं. हात गेले असले तरी चालतं. पडद्यावरच्या अक्षरांकडे नुसतं बघायचं, यंत्र नजर ओळखतं. आईचं हे काम माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी मकेना हिने केलं. पुरस्कार त्यालाच.

आई पहिल्या दिवशी चर्चचा निळा ड्रेस घालून आली, वर ब्रोच. आणि कर्ट, आवाजही चर्चचाच घालून आली. लेकीचं विद्यापीठ ना! घरातलं ते जर्मन वळणाचं, घोगरं, शेवटचा शब्द गिळून टाकणारं बोलणं तिने गाडीतच ठेवलं. खुर्चीत बसली आणि टीव्हीवर हवामान सांगतात तशा बायकी सुरात सुरू झाली. जीभ अडखळायला लागली होती, तरी एकेक अक्षर घासूनपुसून.

मकेना म्हणायची, "सुंदर, अर्डेला! आता शेवटचा शब्द आणखी जरा स्पष्ट?"

आई म्हणायची, "हो तर, बाळ." बाळ! आपल्याला कधी म्हणाली होती?

आमच्याकडे शिकणारा रोग्याजवळ बसतो आणि शिकवणारा आरशामागच्या खोलीत, त्यांना न दिसता. मी तिथे बसून मान डोलावत होते. मकेनाला पैकीच्या पैकी गुण दिले. उच्चार स्वच्छ करणं हाच आमचा धंदा. मेकॅनिकच्या हातात जुनी गाडी दिली तर तो तिचा खडखडाट काढूनच परत देणार. तो खडखडाटच आपल्याला हवा होता हे त्याला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. मी तिची लेक. पण आरशामागे लेक बसलेली नव्हती.

पुरस्काराच्या जेवणाला आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं. आमचे विभागप्रमुख डॉ. होलोवे माइक घेऊन तिच्यासमोर वाकले. "अर्डेला, आज कसं वाटतंय?" उत्तर त्यांनीच आदल्या दिवशी यंत्रात भरून ठेवलं होतं, आईने फक्त त्या चौकोनाकडे बघायचं होतं. आई बघेना. होलोवेंनी तोच प्रश्न मोठ्याने विचारला, जणू तिचे कान गेलेत. शेवटी तिने बघितलं.

"मी या विभागाची अत्यंत आभारी आहे," यंत्रातली बाई म्हणाली.

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मीही.

परत येताना गाडीत मी विचारलं, "छान झालं ना गं?" यंत्र पिशवीत होतं. मी गाडी कडेला घेतली आणि तिच्यासमोर अक्षरांचा पारदर्शक फळा धरला. तिची नजर ज्या अक्षरावर थांबेल ते आपण वाचायचं. तिने सावकाश जुळवलं: "कोण ही बाई?"

तेव्हापासून यंत्र फ्रीजवर, टॉवेलखाली. आमचं काम फळ्यावर चालतं. गेल्या सोमवारी तिने जुळवलं: "कर्टशी बोलायचंय." मी धावत यंत्र काढलं. आईने डोळे मिटले. या आजारात डोळे मिटणं म्हणजे खोलीतून निघून जाणं. उघडले तेव्हा फळ्यावर एवढंच आलं: "तिच्या तोंडून नाही."

आता मुद्द्यावर येते. मकेना म्हणते, जुनं सलग बोलणं थोडं जरी मिळालं तरी त्यावरून खरा आवाज बनवता येईल. आम्ही सगळं धुंडाळलं. घरच्या व्हिडिओंमध्ये आई नाहीच. कॅमेरा तिच्याच हातात असायचा, आणि चित्रण चालू असताना बोलू नये अशी तिची ठाम समजूत. आयुष्यात एकदाच ती गप्प बसली, नेमकी तेव्हाच.

म्हणजे ती एकाच ठिकाणी आहे. तुझ्याकडे.

बाबांच्या दफनाला तू आला नाहीस, बोटीवर होतास. तेव्हा आईने तुझ्या मशीनवर जे ठेवलं ते मला पाठ आहे. मी सुपाचा डाव हातात धरून शेजारीच उभी होते. मशीनने तिला तोडलं, तिने परत फोन लावला आणि आधी मशीनलाच झापलं. पुन्हा तोडलं, पुन्हा लावला. ट्रिशने नाताळच्या कार्डात लिहिलं होतं की दोनदा घर बदललंस आणि दोन्हीदा ते मशीन मांडीवर घेऊन गेलास. "माझं सामान मागच्या ट्रकमध्ये होतं," असंही लिहिलं होतं. घटस्फोटित वहिनीही काय काय कळवतात.

का ठेवलंस ते मी विचारत नाही. टेप पाठव. नाहीतर घेऊन ये. डॉक्टर म्हणतात, ऑगस्टातली गव्हाची कापणी ती बघणार नाही.

जिचा फोन तू उचलत नाहीस ती तुझी बहीण,
मार्ला


तिथूनच,
४ जून

प्रिय कर्ट,

टेप पोचली होती. सामन माशाच्या डब्यात, लोकरी मोज्यात गुंडाळलेली. मी मोजा उलटा करून झटकला. दोन ओळी असतील असं वाटलं. असो. पाठवलीस, हे तुझ्या मानाने भाषणच झालं.

मकेना इथे स्वयंपाकघरात सगळा सरंजाम घेऊन आली. आईने आधी टेप ऐकायचीच म्हणून फळ्यावर हट्ट धरला. लावली.

"कर्ट! उचल फोन! तिथे आहेस मला माहितीय! समुद्रातल्या माशांना बाप पुरायचा नाहीये, तुला पुरायचाय, गाढवा!" मग टूं. मग, "आणि ए यंत्रा, मी बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही!" आईचे डोळे हसत होते. मकेना लाल झाली. तिच्या अभ्यासक्रमात जर्मन शिव्या नाहीत. मग तिसरा निरोप आला. तो तुला माहीत आहे. "मला एकच मूल आहे आणि ते इथे माझ्या शेजारी उभं आहे. इकडे परत फोन करू नकोस."

आईने डोळे मिटले. बराच वेळ ती खोलीत नव्हती.

आवाज तयार झाला. मकेना म्हणाली, "अर्डेला, बोला ना काहीतरी!" आई पडद्याकडे बघत राहिली, आणि यंत्रातून घोगरं, शेवट गिळून टाकणारं आलं: "मार्ला, सूप उतू जातंय."

मी उठून धावले. खरंच जात होतं. शेगडीपाशी उभी राहून, पाठ त्यांच्याकडे करून, मी बराच वेळ ओटा पुसत होते.

पुढचा आठवडा तिने नुसतं राज्य केलं. ओटोंना, "अजून आहेस का तू? चिखलाचे बूट बाहेर!" ओटो बिचारे रडले आणि बूट हातात घेऊन बसले. पाद्रीबुवांना, "प्रार्थना लहान करा, सूप निवतंय." मला तर उसंतच नव्हती. इतकं सुखाचं ओरडणं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग मी म्हटलं, "आता लावू का कर्टला फोन?"

"नको," आई म्हणाली, आपल्या आवाजात. "या आवाजाने त्याच्याशी बोलून झालंय."

"मग गं?"

"ती बाई आहे ना अजून यंत्रात? तिला आण."

"तिला? ती तर तुला सहन होत नाही."

आईला वाक्य जुळवायला वेळ लागायचा, डोळेही दमत चालले होते. मी थांबले. मग आलं: "मला हे कधी बोलता आलं नाही. ती शिकलेली आहे. ती बोलेल."

मला बाहेर पाठवलं. दुपारभर एकटी पडद्याकडे बघत होती. मी पायरीवर बसून होते. संध्याकाळी आत गेले तर यंत्रात एक निरोप ठेवलेला, तुझ्या नावाने. आईने पुन्हा आपला आवाज लावला आणि म्हणाली, "फोनवर ऐकवायचा नाही. शिव्या मशीनवर दिल्या होत्या, हे समोर बसवून. आणि आधी तू ऐकायचं नाहीस, चोंबडे."

ऐकलेला नाही. शपथेवर सांगते, आणि मला किती मोह होतो ते तुला माहीत आहे.

पुढच्याच रविवारी सकाळी ती गेली. तुझ्या मशीनमधल्या नव्या टेपवर मी दफनाचा दिवस सांगितला होता. चर्चमध्ये तुझी जागा ठेवली होती. ओटो तिथे बसायला लागले तेव्हा मी त्यांना उठवलं, ते अजून रागावलेत. मी तुला काही बोलणार नाही. बोलणारी बोलून गेलीय, आणि ते तुझ्याकडे आहेच. टेप त्याच मोज्यात घालून सोबत परत पाठवतेय.

होलोवेंना ही दोन आवाजांची गोष्ट पुढच्या पत्रकात हवी आहे. म्हणाले, "फार हृद्य आहे, मार्ला." मी म्हटलं, कामगिरी अजून पूर्ण झालेली नाही.

कारण यंत्र आपलं नाही. विभागाच्या कपाटातलं आहे, उसनं. महिनाअखेर परत करायचं. शाळेची बस चालवणारे एक गृहस्थ त्याची वाट बघतायत आणि त्यांची जीभ आपल्यासाठी थांबणार नाही. परत गेलं की आमच्या नियमाप्रमाणे आतलं सगळं पुसतात. मकेना म्हणाली, निरोपाची नक्कल सहज काढता येईल, कर्टला ईमेलने पाठवू. मी नको म्हटलं. समोर बसवून, असं आई म्हणाली होती.

टेबलावर तुझ्या बाजूची खुर्ची ओढून ठेवली आहे. यंत्रावरचा टॉवेल काढलाय. ती बाई तिथे बसून आहे. तिला घाबरू नकोस, कर्ट. ती ओरडत नाही. ओरडायला येतच नाही तिला.

दार उघडं असतं. बूट बाहेर काढ.

आता आईचं एकच मूल होऊन राहू न इच्छिणारी,
मार्ला