खंडेनवमीचा नवा पडदा

कोरेगाव

प्रिय सुमंता,

अक्षर ओळखलंच असशील. फाडायच्या आधी एवढं वाच.

आपल्या दुकानातलं ग्राफिक्सचं ते जुनं यंत्र, ज्यावर तू लग्नाच्या कॅसेटींची फिरती नावं करायचास, ते मी माळ्यावरून उतरवलं. पुतण्या जयराज म्हणाला, भंगारात द्या. त्यानं पुण्याहून एक तज्ज्ञही आणला. तज्ज्ञ कसला, उंटावरून शेळ्या हाकणारा! झाकण न उघडताच म्हणतो, अंकल, हे डेड आहे. अरे, वैदूसुद्धा आधी नाडी बघतो रं!

मग मीच बघितली. पंखा फिरला, डिस्क कुरकुरली, दिवा लागला. पडदा तेवढा काळा. म्हणजे जीव हाय, वाचा न्हाई. इंग्रजी पुस्तिका आणि शब्दकोश घेऊन चार दिवस बसलो. तेव्हा कळलं, चित्राची ओळ कधी सुरू करायची तो इशारा हे यंत्र वेगळ्या तारेनं पाठवतच नाही, हिरव्या रंगाच्या तारेतूनच सोडतं. जुन्या जाड्या मॉनिटरला ते उमगायचं. नवा चपटा ठोंब्या मात्र 'सिग्नल नाही' म्हणून मोकळा. हल्लीच्या शहाण्यांसारखाच, आपल्याला कळलं नाही की समोरचाच मुका. तुझ्या विजयमाला वहिनीनं जुना मॉनिटर धान्याच्या कणगीमागं टाकला होता. तो जोडला आणि चित्र आलं, लख्ख.

आता तो चपटा आणला कुणी? मीच. बावीस वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या पूजेत नवा पडदा मांडायची हौस माझी. आदल्या दिवशी आपलं भांडण होऊन दुकानातली भागीदारी मोडलेली. यंत्राला हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं, तर अंधार. तेव्हाही असाच एक दीडशहाणा येऊन म्हणाला, आतलं चित्राचं कार्ड कुणीतरी जाळलंय. पडदा बदललाय हे मी त्याला सांगितलंच नाही. देवापुढं मांडलेली कोरी वस्तू खोटी कशी असेल? आणि खरं सांगू, मला तुझंच नाव ऐकायचं होतं. सुमंतानं जाताजाता यंत्र मारलं, असं गावभर सांगत सुटलो. तुला इथं कुणी काम देईना, म्हणून तू सांगली धरलीस. पुण्याच्या त्या पोराला कशाला हसू? सगळ्यात मोठा बैल मी.

पत्राचं कारण वेगळंच आहे. डिस्कवरची शेवटची फाइल तुझी आहे, आमच्या संयोगिताच्या लग्नाची नावं. वेळ भांडणाच्याच दिवशीची, संध्याकाळी पावणेआठ. मी शिव्या देऊन घरी गेल्यावर तू पुन्हा खुर्चीत बसलास आणि माझ्या लेकीचं नाव पुरं केलंस. मोगऱ्याच्या कळ्यांतून एकेक अक्षर उमलतंय गड्या. तिच्या कॅसेटवर मात्र कोरी पट्टीच गेली. काल बाजारच्या दिवशी, जिथं तुला बदनाम केलं त्याच चहाच्या टपरीवर उभं राहून सगळं कबूल केलं. टपरीवाला नाथाजी म्हणाला, आवं आबा, लय लवकर आठवलं की! रविवारी सांगलीला येतोय. माझ्या तोंडावर दार लावलंस तरी चालेल. पण संयोगिता बरोबर असेल, तिला तेवढं आत घे.

तू म्हणशील तर अजूनही तुझाच,
लालासाहेब