मनोलिसचा शेवटचा शनिवार

हायलंडटाउन, बाल्टिमोर
मंगळवार, १२ मार्च १९९६

प्रिय बर्नी,

परवाच तर तुझ्याकडे दोन तास बसून गेले, मग आज हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. चार गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाईला तिकीट लावून पत्र पाठवायची माझीही ही पहिलीच वेळ आहे. परवा निघताना तू दारात म्हणालीस, "काय गं लॉरेन, आज तोंड का उतरलंय?" मी गुडघ्याचं नाव सांगितलं. गुडघा दुखतोच, पण परवा तो दुखत नव्हता. तुझ्यासमोर बसून बोलायचं म्हणून मी घरून ठरवून निघाले होते. तू चहा ठेवलास, सोफ्यावर माझ्यासाठी उशी सरकवलीस, आणि मी हवापाण्याचंच बोलत राहिले. म्हणून आता दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे.

आधी 'एजियन'च्या बातम्या सांगते. तू विचारत नाहीस, पण मी डायनरमधून आल्यावर तुझे कान टवकारलेले असतात हे मला दिसतं. तुझ्या जागी आलेली शेरिल अजून टिकून आहे. मुलगी कामाला चोख आहे. मागितलेलं बरोबर आणते, कप रिकामा राहू देत नाही, पण कॉफी ओतताना तोंडातून शब्द काढत नाही. आपल्या मालकानं, निकनं, बाकांचं लाल रेक्झिन काढून हिरवं बसवलंय, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. मी मात्र अजून रोज सकाळी सातला जाऊन खिडकीजवळच बसते. दोन अंडी, बलक न फोडलेली, राय पावाचे टोस्ट आणि डुकराच्या मांसाच्या स्क्रॅपलची एक कुरकुरीत वडी. एकोणतीस वर्षं मला हे तोंडानं मागावं लागलं नव्हतं. आता रोज मागते.

माझा एड गेला त्याच्या पुढचा रविवार तुला आठवतो का? मला घरात बसवेना म्हणून मी अकराच्या सुमारास आले. चर्च नुकतंच सुटलेलं, दारापर्यंत रांग. मी एकटी चार माणसांची जागा अडवून बसलेली. तू आलीस, हातातलं कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलंस आणि ॲप्रनसकट माझ्या शेजारी बसलीस. निकचा बाप, म्हातारा कोस्टास, गल्ल्यावरून ओरडला, "बर्नी, सहा टेबलं तुझ्या तोंडाकडे बघतायत." तू म्हणालीस, "बघू देत. भुकेनं मेलं नाही अजून कुणी." आणि 'मेलं' म्हटल्यावर जीभ चावून माझ्याकडे बघितलंस, आणि मला हसू फुटलं. आठ दिवसांतलं पहिलं हसू. अर्धा तास तू तशीच बसून राहिलीस. असं माझ्यासाठी माझ्या सख्ख्या बहिणीनंही केलं नाही.

आता त्या वसंतातलं सांगायला हवं. चौऱ्याण्णव सालचं. मार्चपासूनच तुझ्या हातून चुका व्हायला लागल्या होत्या. उपासाच्या शुक्रवारी तू फादर कॉनराडच्या पुढ्यात हॅम ठेवलंस, आणि त्या बिचाऱ्यानं खाली मान घालून ते खाल्लं. कॉफीचं रिकामं भांडं शेगडीवर राहिलं आणि काच तडकली. माझ्यापुढे पॅनकेक आले, पाक ओतलेले. मला साखरेचा आजार आहे हे डॉक्टरच्या आधी तुला कळलं होतं, तरी आले. मी काही न बोलता खाल्ले. दुसऱ्या दिवशी ओटमील आलं, तेही खाल्लं. स्वयंपाक करता करता मनोलिस भटारखान्याच्या खिडकीतून मान बाहेर काढून बघायचा आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. त्यानं तुझ्या ऑर्डरच्या कितीतरी चिठ्ठ्या परस्पर दुरुस्त केल्या. तू लिहायचीस एक, तो करायचा बरोबर तेच, गिऱ्हाइकाला रोज काय लागतं ते आठवून. हे तुला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी तू माझ्या टेबलाशी आलीस, दोन कप मांडलेस, आणि खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "काय राणी, एडला अजून गाडी लावायला जागा मिळाली नाही वाटतं?"

बर्नी, एडला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पुढच्याच क्षणी तुझ्या लक्षात आलं. तुझा चेहरा पांढरा पडला, तू दुसरा कप उचलून निघून गेलीस. मला त्या वेळी तुझी काळजी वाटायला हवी होती. मला राग आला. सगळ्या जगानं एडला विसरावं, पण ज्या बाईनं मला त्याच्यासाठी रडू दिलं, तिनं विसरावं? मी टोस्टची ताटली बाजूला सारली.

आणि नेमका तेव्हा निक समोर येऊन बसला. बापासारखा नाही तो, हळू बोलतो. म्हणाला, "मिस लॉरेन, तुम्ही रोज इथे असता. खरं सांगा, बर्नीचं काय चाललंय? सगळे तिला सांभाळून घेतायत असं मला वाटतं." मी 'काही नाही' म्हणू शकले असते. 'तिला डॉक्टरकडे ने' म्हणू शकले असते. मी हॅमचं सांगितलं, काचेचं सांगितलं, पॅनकेकचं सांगितलं. एकेक आठवून सांगितलं, कोण कधी उपाशी उठलं तेही. शेवटी म्हटलं, "उद्या कुणाच्या अंगावर उकळती कॉफी सांडेल, मग बघत बसशील." कुणाच्या भल्यासाठी बोलतेय असाच माझा आव होता. पण मी रागानं बोलत होते, आणि बोलताना मला बरं वाटत होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या शुक्रवारी निकनं तुला कामावरून रजा दिली आणि निरोपाचा केक मागवला. तू केक कापला नाहीस. "मला आतून सगळं कळलंय, बर्नी," असं निक तुला म्हणाला, आणि 'आतून' म्हणजे स्वयंपाकघरातून, असं तू धरलंस. सरळ आत मनोलिससमोर जाऊन उभी राहिलीस. मी माझ्या जागेवर होते, मला एक न् एक शब्द ऐकू आला. "तुझी बायको बाळंत होताना तू चक्कर येऊन आडवा पडलास, तेव्हा तिचा हात मी धरला होता. इंग्रजी तुला मी शिकवलं. आणि तू माझ्या चुका मोजत बसलास?" मनोलिस कांदा कापत होता. त्यानं सुरी खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि तुझं सगळं ऐकून घेतलं. तू मागच्या दारानं गेलीस ती आजतागायत परत आली नाहीस.

निक माझ्याशी बोलत होता तेव्हा मनोलिस खिडकीपाशीच उभा होता. कुणी सांगितलं हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, मी बर्नीला सांगते. तो म्हणाला, "नको सांगू. माझ्यावाचून तिचं अडणार नाही, आचारी गावात पुष्कळ आहेत. तिनं तुला तोडलं तर तिच्या दारात कोण जाईल?" मला हे ऐकून किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. मी नुसती मान हलवली.

आणि मग मी दर रविवारी तुझ्याकडे यायला लागले. तू त्याला शिव्या घालायचीस आणि मी "हो ना गं" म्हणायचे. ऑगस्टमध्ये तुझ्या भाचीनं तुला बळंच डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रक्त तपासून सांगितलं की एक जीवनसत्त्व पार उतरलंय, म्हणून हा विसराळूपणा. इंजेक्शनं सुरू झाली आणि नाताळपर्यंत तू पूर्वीसारखी झालीस. मला पत्त्यांत हरवायला लागलीस. त्या मंगळवारी मी निकशी बोलण्याऐवजी तुझा हात धरून दवाखान्यात नेलं असतं, तर आज शेरिल तिथे नसती.

गेल्या ऑक्टोबरमधलं तर माझ्या मनातून जातच नाही. मनोलिसच्या आयरिनीच्या लग्नाची पत्रिका आली. जिला जन्मताना तू पाहिलंस त्या मुलीनं स्वतःच्या हातानं तुझं नाव लिहिलं होतं. तू माझ्यासमोर पत्रिका फाडलीस. मी खाली वाकून तुकडे गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. तेवढं करताना एक शब्द बोलायचा होता. बोलले नाही. लग्नात मनोलिसनं तुझी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती. जेवण सुरू झाल्यावर तिथे कुणी बसायला आलं की तो स्वतः उठून त्याला दुसरीकडे नेऊन बसवायचा.

हे सगळं आजच का लिहिते आहे, ते आता सांगते. मनोलिस कामावरून निवृत्त होतोय. तो आणि त्याची बायको कॅलिओपी सोमवारी ग्रीसमध्ये कार्पाथोसला आपल्या गावी जातायत, त्यांच्या ईस्टरच्या आत, आणि परत यायचे नाहीत. गेल्या शुक्रवारी त्यानं मला हे सांगितलं, आणि जाताना पुन्हा म्हणाला, "बर्नीला काही सांगू नकोस हं." दोन वर्षं त्याचं ऐकलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. आता ऐकत नाही. येत्या शनिवारी दोन वाजेपर्यंत तो भटारखान्यात आहे. मागचं दार उघडंच असतं. त्या दिवशी मी तिथे नसेन, तेव्हा माझं तोंड बघावं लागेल म्हणून थांबू नकोस. माझ्याबद्दल काय वाटेल ते वाटू दे, पण त्याला असं जाऊ देऊ नकोस. रविवारी मी नेहमीसारखी तुझ्याकडे यायला निघेन. घंटा एकदाच वाजवीन. दार उघडलं नाहीस तर समजेन, आणि परत फिरेन.

तुझी म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरी तुझीच,
लॉरेन