उसाची आसवं

५ जानेवारी १९४७, सांगली
आजपासून मी आर्ट फोटोग्राफर. भांड्यांचं दुकान दुपारपर्यंत बघायचं. मुंबईच्या मासिकाची स्पर्धा आहे, मुदत महिनाअखेर. बक्षीस घेताना करायचं भाषण लिहून झालं. फोटो तेवढा काढायचाय.

१२ जानेवारी
पहिल्या मोटारीने पलूसला. आमचे जुने गिऱ्हाईक लालासाहेब, त्यांच्या उसात उतरलो. डोक्याएवढा ऊस, पानांवर दव. एकच फोटो घेतला. आर्टिस्टला दुसरा लागत नाही. शिवाय रोल संपला.
लालासाहेब म्हणाले, माजा बी एक काडा की. समजावलं, मी माणसांचे नाही, भावनांचे फोटो काढतो. ते म्हणाले, व्हय व्हय, आणि खुरपं घेऊन निघून गेले.

१४ जानेवारी, दुपार
न्हाणीघर बंद करून फिल्म धुतली. चंदनबालेने चार वेळा कडी वाजवली. म्हणाली, अहो, घरच्यांनी आंघोळ करायची की नाही? बायकोपुढे कलेचं काय चालणार! घाई झाली. पानांवर पांढरे ठिपके उठले. नीट पाहिलं. ठिपके नव्हेत, अश्रू! शीर्षक दिलं : 'उसाची आसवं'.

२० फेब्रुवारी
मुंबईहून फोटो परत. सोबत चिठ्ठी नाही. परीक्षकांना शब्द सुचले नसावेत.

२ मार्च
आणखी तीन मासिकांना पाठवला. मागे कौतुकाने शेताचा पत्ताही लिहिला. चंदनबाला म्हणाली, यातलं एक तर शेतीचं आहे. म्हटलं, त्यांना निदान ऊस तरी कळेल.

१० एप्रिल
छापला! शेतीवाल्यांनीच. अर्धं पान! खाली ओळ : 'रोगट ऊस असा ओळखावा. (लालासाहेबांचे शेत, पलूस.)' माझं नाव नाही. चंदनबाला हसून हसून खाली बसली. 

१३ एप्रिल
लालासाहेब दुकानात आले. लागवडीसाठी त्यांच्या उसाचं बेणं सांगून ठेवलेले दोघं माघारी फिरले म्हणे. म्हणाले, आवं शिरेनिकराव, पोरापरीस जपलाय ऊस म्या, आन् तुमी त्येला देवी आणल्या? बसले नाहीत. पाणीसुद्धा घेतलं नाही. जेवण गेलं नाही मला.

१४ एप्रिल
संपादकांना पत्र. पहिला खर्डा : दोष छपाईचा. चंदनबालेने वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला. मी फाडला. दुसरा : दोष उन्हाचा. तिने नुसतं बघितलं. फाडला. तिसरा खरा लिहिला आणि मन बदलायच्या आत पेटीत टाकला.

१० मे
छापून आलं. 'पलूसचा तो ऊस पूर्ण निरोगी आहे. ठिपके रोगाचे नसून, सांगलीचे फोटोग्राफर श्रेणिक आडमुठे यांना फिल्म धुता येत नसल्याने पडले आहेत.'

१६ मे
लालासाहेब आले. गेलेले दोघं परत आले, वर तिसरा आला. आता सगळं बेणं ठरलं. बसले, पाणी प्याले. जाताना म्हणाले, कवा बी या, पर त्ये डबडं घरी ठिवून या.
मासिकाच्या नऊ प्रती मागवल्या. चंदनबालेने विचारलं, एवढ्या कशाला? म्हटलं, नाव बघ.
आडमुठे. काना-मात्रेसकट बरोबर छापलंय.