आप्पांचं किसलेलं जेवण

रत्नागिरी,
मंगळवार

प्रिय विनीत,

फोनवर तू विचारतोस, आप्पा जेवले का? मी हो म्हणते, तू बरं म्हणतोस. ते कसे जेवतात, हे सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसलेय.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना चावता येत नाही. मिक्सरमधून काढून दिलं, तर बशी बाजूला सारली. बोलणं जड जातं, तरी म्हणाले, "काय खातोय, ते मला कळू दे." सगळी हयात बोटीवर काढलेला माणूस, त्याला मी लगदा कसा भरवू? तेव्हापासून किसणी सकाळी हातात येते, ती रात्रीच धुऊन पालथी पडते. काकडी जाड भोकांवर, गाजर बारीक भोकांवर. सफरचंद अगदी शेवटी, ते लगेच काळं पडतं. झोपताना दुधात जायफळ किसून घालते. त्यांना झोप लागते. मी मात्र त्यांची कूस बदलायला उठत राहते.

परवा दुपारी बीट किसता किसता माझा डोळा लागला. बोटाची सालटी निघाली. सगळं लालच, त्यात रक्त कुठलं ते मला कळलंही नाही. आप्पांना खुर्चीतून दिसलं. "चिमा, ठेव ते. पड जरा," म्हणाले. बोटाला हळद लावून मी तिथेच लादीवर आडवी झाले.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. आप्पा तसेच खुर्चीत, उपाशी, ओल्या लुंगीत. मी ओरडलेच, "हाक का नाही मारलीत?"

"तुला उठवावंसं वाटेना," म्हणाले. लुंगी बदलताना आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

विनीत, शनिवारी मी चार दिवस पालीला गोदा मावशीकडे जातेय. लग्न नाही, बारसं नाही, नुसती झोपायला. आप्पांना सांगितलंय, ते 'जा' म्हणाले. तेवढे दिवस तू इथे हवास. बाई ठेवू म्हणशील. ठेवू, पण आधी तू ये. माझं दमणं मला सोसतं रे. माझी कीव येऊन ते ओल्यात बसून राहतात, हे नाही सोसत. येताना सामानसुमान काही आणू नकोस. रजा तेवढी घेऊन ये.

तुझीच,
चिमाताई