पाणी निळंच दाखवायचं

सोमवार, ५ ऑगस्ट

झालं! पेपरातल्या ग्राफिक्सच्या टेबलावर आता एकच माणूस ठेवणार. मी किंवा समोरचा म्हातारा. महिनाअखेरीला कळवतील म्हणे. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की ही खोलीही. इतकी वर्षं परक्या देशात बसून दुसऱ्यांच्या निवडणुका, दुसऱ्यांचे भूकंप रंगवले — आणि आता गाशा गुंडाळा!

बाबांना फोनवर काही बोलले नाही. त्यांचं आपलं नेहमीचं — "चित्रं पुरे झाली, बातमी कधी लिहिणार?"

मंगळवार, ६

म्हातारा माझ्याशी बोलत नाही. मीही नाही.

गुरुवार, ८

वहिनीचा मेसेज — धरणाचे दरवाजे उघडलेत, नदी पुलावरून वाहतेय. दादा-वहिनी उंचावर राहतात, तिथे भीती नाही. पण बाबा नदीकाठच्या घरात एकटे! आम्ही दोघं सांगून सांगून थकलो, हलायला तयार नाहीत.

मग दादाचाच फोन. मागे मोटरसायकलचा आवाज. "निघालोय आपल्या म्हाताऱ्याला आणायला. नाही आला तर उचलून आणतो. तू रडत बसू नकोस, तुझे नकाशे नि ठोकळे रंगव." हसला. फोन कट.

शुक्रवार, ९

दादा, बाबा, दोघांचेही फोन बंद. वहिनी म्हणते, टॉवर पडलाय, दोघं एकत्रच असतील कुठेतरी. देव करो नि असंच असो.

ऑफिसात बॉसबाई वाटच बघत होत्या. "पूर तुझ्याच गावचा ना? मग नकाशा तूच कर. पहिल्या पानावर जाणार." वडील तिथेच आहेत, म्हटलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मग घड्याळाकडे बघितलं.

केला. काय करणार! उपग्रहाचा फोटो उघडला. पाणी गढूळ, चहासारखं. पण वाचकाला पटकन कळलं पाहिजे, म्हणून पाणी निळंच दाखवायचं — आमच्याकडचा नियम. भरला निळा. बाजारावर, पिठाच्या गिरणीवर, मग आमच्या गल्लीवर. बाबांचं छप्पर शोधत होते. छप्पर नव्हतंच तिथे. माऊस धरून नुसती बसून राहिले.

बॉसबाई मागून — "गल्लीचं नाव काढ, गर्दी होते. आणि निळा थोडा गडद."

केला गडद!

शनिवार, १०

नकाशा गाजतोय. "किती अचूक!" — अचूक नसायला काय झालं? त्याच गल्लीत दादानं मला सायकल शिकवली.

दुपारी केबिनमध्ये बोलावलं. महिनाअखेरीची वाट बघायची गरज नाही म्हणे. नोकरी राहिली. माझी!

बाहेर आले तर म्हातारा खोक्यात सामान भरत होता. जाता जाता थांबला. "वडील मिळाले का?" मान हलवली, नाही. "मिळतील," म्हणाला, आणि खोकं उचलून गेला. त्याच्या गळ्यात पडून रडायचं होतं मला. कोणत्या तोंडानं!

बाबांच्या जिवावर नोकरी टिकवली मी. आणि जायचं म्हटलं तर तिकडचा विमानतळच पाण्यात.

रविवार, ११

काही नाही. वहिनीही फोन उचलत नाही. घरमालकीण सूप ठेवून गेली दाराशी, तसंच गार झालं.

कधी नव्हे ते हात जोडले. बाबांना वाचव. बाकी काही म्हणजे काही मागत नाही.

सोमवार, १२

बाबा! बाबांचा आवाज! कुणाच्या तरी फोनवरून! बुधवारीच शेजाऱ्यांनी बळेबळे बाहेर काढलं, तेव्हापासून टेकडीवरच्या गोदामात आहेत. मी रडतेय, हसतेय. तर म्हणतात, "अगं, ते राहू दे. दादाचा फोन लागत नाही. तुझं बोलणं होतं ना त्याच्याशी? त्याला सांग, मी सुखरूप आहे. उगाच मला शोधत घराकडे जाऊ नकोस म्हणावं."